सिंथेसायझरवरील ध्वनिस्तरण

सिंथेसायझरवरील ध्वनिस्तरण ही विद्युत् वाद्यांवर ध्वनी घडविण्याची एक पद्धत आहे. हिच्यात स्वतंत्रपणे तयार केलेले दोन किंवा अधिक ध्वनी वाद्याच्या एकाच पट्टीस जोडले जातात. पट्टी दाबताच ते एकाच वेळी उमटतात आणि ऐकणाऱ्यास त्यांचा मिळून एकच ध्वनी झाल्यासारखा वाटतो. वादकांच्या व्यवहारात या पद्धतीस ‘लेअरिंग’ आणि प्रत्येक घटक ध्वनीस ‘लेअर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात ‘स्तर’ हा शब्द त्याच अर्थाने योजला आहे.

स्तर वाढविले म्हणजे ध्वनी आपोआप भरदार होतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात स्तरणाचे यश कामाच्या वाटणीवर अवलंबून असते. स्वराचा आरंभ कोणत्या स्तराने सांभाळावा, त्यास अंग कोणी द्यावे आणि तो लांबवावा कोणी, हे ठरविल्याशिवाय केलेली बेरीज बहुधा गढूळ होते. शिवाय प्रत्येक स्तर वाद्याच्या मर्यादित क्षमतेतून आपला वाटा घेतो. या दोन गोष्टींमुळे स्तरणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी काटकसरीचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका

एका पट्टीवर अनेक ध्वनी वाजविण्याची कल्पना सिंथेसायझरहून पुष्कळ जुनी आहे. युरोपातील चर्चमधल्या नळ्यांच्या ऑर्गनमध्ये निरनिराळ्या नादगुणांच्या नळ्यांचे संच असतात. वादक खुंट्या ओढून त्यांपैकी हवे ते संच पट्ट्यांना जोडतो. मराठी संगीत नाटकांच्या साथीस जो पायाने वारा भरण्याचा ऑर्गन असे, त्यातही अशा खुंट्या होत्या.

महाराष्ट्रात घरोघरी परिचित असलेल्या पेटीतही हेच तत्त्व आढळते. पेटीच्या अनेक प्रकारांत पितळी रीडचे दोन किंवा तीन संच बसविलेले असतात आणि त्यांना खर्ज, नर व मादी अशी नावे आहेत. नर व खर्ज एकत्र वाजले की एकच पट्टी दाबूनही स्वरास भारदस्तपणा येतो. कपलर असलेल्या पेटीत एक पट्टी दाबली असता सप्तकाच्या अंतरावरील दुसरी पट्टीही खाली ओढली जाते. ही दोन्ही स्तरणाचीच यांत्रिक रूपे होत.

१९३५ मध्ये विक्रीस आलेल्या हॅमंड ऑर्गनने ही कल्पना विद्युत् वाद्यात आणली. त्यातील नऊ सरकपट्ट्यांपैकी प्रत्येक पट्टी स्वराचा एक घटक कमीजास्त करते. अशा रीतीने एकाच स्वराचे नऊ घटक निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून वादक आपल्याला हवा तो नादगुण मिळवू लागला.

एका स्तराची घडण

स्तरण समजण्यासाठी आधी एक स्तर कसा तयार होतो हे पाहणे आवश्यक आहे. ज्या पद्धतीत घटकांनी समृद्ध अशा ध्वनीतून नको तेवढा भाग वजा केला जातो, ती वजाबाकीची पद्धत सर्वांत प्रचलित आहे. हिच्यात ऑसिलेटर, फिल्टर आणि एन्व्हलप असे तीन मुख्य घटक असतात.

ऑसिलेटर मूळ कंपन निर्माण करतो. त्याच्या तरंगाच्या आकारावर ध्वनीतील उपस्वरांचे प्रमाण अवलंबून असते. २२० हर्ट्झ कंप्रतेचा स्वर करवती तरंगाने वाजविला, तर त्यात ४४०, ६६०, ८८० अशा सर्व पटींतील उपस्वर असतात. त्यांपैकी दुसऱ्याचा आयाम मूळ स्वराच्या निम्मा, तिसऱ्याचा एक तृतीयांश असा क्रमाने घटत जातो. हा ध्वनी तेजस्वी असून व्हायोलिनसमूह किंवा पितळी वाद्ये यांचा आभास निर्माण करण्यास सोयीचा असतो. चौकोनी तरंगात केवळ विषम पटींचे उपस्वर असतात, त्यामुळे त्याचा ध्वनी क्लॅरिनेटसारखा पोकळ वाटतो. त्रिकोणी तरंगातही विषम उपस्वरच असतात, परंतु ते फार झपाट्याने क्षीण होतात आणि ध्वनी बासरीसारखा मऊ होतो.

फिल्टर या उपस्वरांची छाटणी करतो. सर्वाधिक वापरला जाणारा फिल्टर ठरावीक मर्यादेखालील कंप्रता जाऊ देतो आणि वरच्या दाबतो. १९७० मध्ये बाजारात आलेल्या मिनीमूग या वाद्यातील फिल्टर मर्यादेच्या वर प्रत्येक सप्तकामागे २४ डेसिबल इतकी घट करतो. मर्यादेच्या लगतच्या कंप्रतांना उठाव देण्याचीही सोय फिल्टरमध्ये असते. तिच्यामुळे ध्वनीस तोंडाने ‘वॉव’ म्हटल्यासारखा स्वरवर्णाचा रंग चढतो.

एन्व्हलप हा ध्वनीचा काळातील आकार ठरवितो. त्याचे चार टप्पे मानले जातात. पट्टी दाबल्यापासून ध्वनी शिखरास पोहोचेपर्यंतचा काळ म्हणजे अटॅक आणि शिखरावरून उतरण्याचा काळ म्हणजे डिके. पट्टी दाबून ठेवली असता टिकणारी पातळी म्हणजे सस्टेन आणि पट्टी सोडल्यानंतर ध्वनी विरण्याचा काळ म्हणजे रिलीज. पहिला, दुसरा व चौथा हे काळ आहेत, तिसरी मात्र पातळी आहे. नवशिक्या वाचकाचा येथे बहुधा घोटाळा होतो. सतारीसारख्या छेडल्या जाणाऱ्या वाद्यात अटॅक अत्यल्प आणि सस्टेन शून्य असतो. गजाने वाजणाऱ्या वाद्यात अटॅक सावकाश आणि सस्टेन भरपूर असतो.

या तिघांच्या जोडीला संथ गतीचा एक स्वतंत्र ऑसिलेटर असतो. तो स्वतः ऐकू येत नाही. सेकंदाला सुमारे ५ ते ७ वेळा तो मुख्य स्वरास वरखाली हलवितो आणि स्वरास कंप देतो. या सर्व घटकांच्या एका विशिष्ट मांडणीस ‘पॅच’ म्हणतात. आरंभीच्या सिंथेसायझरमध्ये निरनिराळे विभाग वायरींनी जोडून ध्वनी तयार करीत आणि त्या जोडवायरींवरूनच हा शब्द रूढ झाला.

स्तरणाची तत्त्वे

आरंभ आणि देह

कोणते वाद्य वाजत आहे हे ओळखण्यासाठी मानवी कान स्वराच्या पहिल्या अंशावर फार मोठ्या प्रमाणात विसंबतो. फ्रेंच संगीतकार पिएर शेफेर यांनी १९४८ च्या सुमारास घंटेच्या ध्वनिमुद्रणातून टोल्याचा आरंभ कापून टाकला, तेव्हा उरलेला नाद घंटेचा वाटेनासा झाला. स्तरणाचे सर्वांत महत्त्वाचे तत्त्व या निरीक्षणावर उभे आहे. एका स्तराने आरंभ द्यावा आणि दुसऱ्याने देह द्यावा. पियानोचा ठोका व त्यामागून हळूहळू उगवणारा तंतुवाद्यांचा समूह हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. दोन्ही स्तरांचा आरंभ सारखाच तीक्ष्ण असेल तर ते एकमेकांशी स्पर्धा करतात आणि कोणत्याही एकाची ओळख पटत नाही.

कंप्रतेतील जागा

दोन स्तर एकाच कंप्रतापट्ट्यात दाटले तर त्यांतील तपशील एकमेकांना झाकतात. म्हणून एका स्तराचे मंद्र उपस्वर आणि दुसऱ्याचे तार उपस्वर फिल्टरने कमी केले जातात. एकटा ऐकला असता असा छाटलेला स्तर किरकोळ वाटतो, परंतु समुच्चयात तो आपल्या जागी नेमका बसतो. एक स्तर सप्तकभर वर किंवा खाली ठेवणे हा जागा करून देण्याचा सर्वांत सोपा उपाय होय. पेटीतील खर्ज व नर यांचे नाते याच प्रकारचे आहे.

स्वरभेद आणि ठोके

दोन ऑसिलेटर अगदी एका स्वरात न ठेवता किंचित वेगळे ठेवले तर ध्वनीत हालचाल निर्माण होते. एक ४४० आणि दुसरा ४४१ हर्ट्झवर असेल तर सेकंदाला एक याप्रमाणे ध्वनी कमीजास्त होत राहतो. या चढउतारांना ‘ठोके’ म्हणतात. हा स्वरभेद सेंट या एककात मोजतात. एका अर्धस्वराचे १०० सेंट होतात आणि वरील उदाहरणातील फरक सुमारे ४ सेंट एवढा आहे. सेंटचा फरक तोच ठेवून सप्तकभर वर गेले की ठोक्यांची गती दुप्पट होते. त्यामुळे मध्य सप्तकात रमणीय वाटणारा स्वरभेद तार सप्तकात बेसूर वाटू शकतो. अनेक व्हायोलिनवादक एकत्र वाजवितात तेव्हा त्यांचे स्वर तंतोतंत जुळत नाहीत आणि समूहाची भव्यता काही अंशी या न जुळण्यातूनच येते. सिंथेसायझरवरील स्वरभेद त्याचेच अनुकरण आहे.

दाब आणि विभागणी

बहुतेक आधुनिक वाद्ये पट्टी किती वेगाने दाबली हे मोजतात. मिडी या संकेतप्रणालीत हा वेग १ ते १२७ या आकड्यांत व्यक्त होतो. हळू वाजविल्यास केवळ मऊ स्तर आणि जोराने वाजविल्यास त्यावर तीक्ष्ण स्तरही उमटेल, अशी योजना त्यामुळे करता येते. पट्ट्यांची डावी बाजू एका ध्वनीला आणि उजवी बाजू दुसऱ्याला देणे हा स्तरणाचा निकटचा नातेवाईक असून त्यास ‘स्प्लिट’ म्हणतात. प्रत्यक्ष वादनात दोहोंचा संयोग केला जातो.

स्वरसंख्येची मर्यादा

सिंथेसायझर एका वेळी किती स्वर वाजवू शकतो, ही संख्या त्याच्या बांधणीतच ठरलेली असते. प्रत्येक स्वरासाठी एक स्वतंत्र ध्वनिपरिपथ किंवा गणनाक्षमता लागते आणि प्रत्येक स्तर तिच्यातून आपला हिस्सा उचलतो. १९८१ च्या रोलँड ज्युपिटर-८ मध्ये आठ स्वर एकत्र वाजत, परंतु दोन स्तर जोडताच ती संख्या चारवर येई. १९८७ च्या रोलँड डी-५० मध्ये सोळाचे आठ होत. १९८८ च्या कॉर्ग एम-१ मध्ये एकेरी ध्वनीचे सोळा स्वर वाजत आणि एका संयोगात आठपर्यंत प्रोग्रॅम बांधता येत. हे आठही प्रोग्रॅम एकेरी असून एकाच पट्टीवर ठेवले, तर दोनच स्वरांनंतर क्षमता संपे.

क्षमता संपल्यावर आणखी एक पट्टी दाबली असता वाद्य आधीचा एखादा स्वर तोडून त्याची जागा नव्याला देते. यास ‘स्वर चोरणे’ म्हटले जाते. दोन हातांनी सहा स्वरांचा संघात धरला आणि पायातील पेडल दाबून ठेवले, की रिलीजमध्ये विरणारे जुने स्वरही क्षमता व्यापून राहतात. सरावाच्या वेळी उत्तम वाटलेला ध्वनी मैफलीत मध्येच तुटतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. म्हणून मंचावर वापरावयाचा ध्वनी बांधताना स्तरांची संख्या, रिलीजची लांबी आणि वाजवावयाच्या स्वरांची संख्या यांचा हिशेब एकत्र करावा लागतो.

इतिहास

रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने विद्युद्दाबाने नियंत्रित होणारा सिंथेसायझर सिद्ध केला. हे वाद्य एका वेळी एकच स्वर वाजवीत असे. त्यामुळे १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ या ध्वनिमुद्रिकेसाठी वेंडी कार्लोस यांना बाखच्या रचनांमधील प्रत्येक स्वरधारा वेगवेगळी वाजवून अनेक-ट्रॅक फितीवर एकावर एक मुद्रित करावी लागली. स्तरण येथे वाद्यात झाले नसून फितीवर झाले. मिनीमूगमध्ये तीन ऑसिलेटर होते. वाद्य एकस्वरीच राहिले तरी एका स्वरात तीन तरंग मिसळण्याची सोय त्याने एका लहान पेटीत आणून दिली.

१९७७ च्या यामाहा सीएस-८० मध्ये आठ स्वर होते आणि प्रत्येक स्वरामागे दोन संपूर्ण, स्वतंत्र ध्वनिमार्ग होते. दोन स्तर वाजविताना स्वरसंख्या घटत नसे. या उदारतेची किंमत आकारात मोजावी लागली, कारण वाद्याचे वजन सुमारे १०० किलो होते. ‘ब्लेड रनर’ या १९८२ च्या चित्रपटासाठी वांगेलिस यांनी या वाद्याचा केलेला वापर प्रसिद्ध आहे. १९७८ मध्ये सिक्वेन्शियल सर्किट्सच्या प्रॉफेट-५ ने सूक्ष्मप्रक्रियकाच्या साहाय्याने ४० पॅच स्मृतीत साठविण्याची सोय दिली. एकदा जुळविलेला ध्वनी बटणासरशी परत मिळू लागल्याने ध्वनिनिर्मिती हे जपून ठेवण्याजोगे काम झाले.

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील संगीतवाद्यांच्या एका व्यापारी प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि रोलँड ज्युपिटर-६ ही दोन वेगळ्या उत्पादकांची वाद्ये एका वायरीने जोडून दाखविण्यात आली. एकावर वाजविलेला स्वर दुसऱ्यावर उमटला. ही जोडणी मिडी या प्रणालीने साधली होती. एका वायरीतून सोळा स्वतंत्र वाहिन्यांवर संदेश पाठविण्याची तीत सोय आहे. परिणामी स्तरण एका वाद्याच्या भिंतींबाहेर पडले आणि दोन वाद्यांचे गुण एका पट्टीवर आणता येऊ लागले.

हे विशेष उपयोगी ठरले ते त्याच वर्षी आलेल्या यामाहा डीएक्स-७ च्या बाबतीत. हे वाद्य स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चौनिंग यांनी शोधलेल्या कंप्रता-समायोजनाच्या पद्धतीवर आधारलेले होते. या पद्धतीत एक कंपन दुसऱ्या कंपनाची कंप्रता अतिशय वेगाने हलविते आणि त्यातून नवे उपस्वर जन्मतात. डीएक्स-७ मध्ये अशी सहा कंपने ३२ प्रकारे जोडता येत. त्याचे घंटेसारखे आणि विद्युत्-पियानोसारखे ध्वनी लखलखीत होते, परंतु त्यांत उबदारपणा कमी होता आणि वाद्य एका वेळी एकच पॅच वाजवू शके. म्हणून अनेक वादक मिडीच्या द्वारे त्याखाली जुन्या पद्धतीच्या सिंथेसायझरचा मऊ स्तर घालीत. पुढे यामाहाने डीएक्स-७ च्या आठ एककांची एक मांडणी टीएक्स-८१६ या नावाने काढली.

डी-५० मध्ये स्तरण हे वाद्याच्या रचनेचेच तत्त्व झाले. त्या काळी स्मृती महाग असल्याने खऱ्या वाद्यांचे दीर्घ ध्वनिमुद्रण साठविणे परवडणारे नव्हते. रोलँडच्या अभियंत्यांनी केवळ आरंभाचे लहान तुकडे साठविले आणि पुढचा लांबणारा भाग संश्लेषित केला. एका पॅचमध्ये वरचा व खालचा असे दोन टोन आणि प्रत्येक टोनमध्ये दोन घटक, अशी चार घटकांची ही मांडणी होती. घंटेचा आरंभ आणि त्यामागे मऊ गालिचा अशी रचना असलेला ‘फँटेझिया’ हा त्यातील ध्वनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस फार लोकप्रिय झाला. कॉर्ग एम-१ ने मुद्रित ध्वनी, त्यांचे संयोग, प्रभाव आणि स्वरलेखनयंत्र ही सर्व एकाच वाद्यात आणली. १९९४ च्या रोलँड जेव्ही-१०८० मध्ये ६४ स्वरांची क्षमता होती आणि प्रत्येक पॅच चार टोनपर्यंत बांधता येत असे.

एक उदाहरण

घंटा आणि तंतुवाद्यसमूह यांचा संयोग बहुतेक कोणत्याही दोन-स्तरीय वाद्यावर बांधता येतो आणि वरील तत्त्वे त्यात एकत्र दिसतात.

पहिला स्तर समूहाचा. दोन करवती तरंग घेऊन एक ४ ते ५ सेंट वर आणि दुसरा तितकाच खाली ठेवतात. फिल्टर मध्यम बंद ठेवून तीक्ष्णपणा कमी करतात. अटॅक एक सेकंदाच्या आसपास, सस्टेन भरपूर आणि रिलीज दीड सेकंदाचा ठेवतात. हा स्तर दाबाच्या वेगास फारसा प्रतिसाद देणार नाही असे पाहतात.

दुसरा स्तर घंटेचा. कंप्रता-समायोजनाची सोय असलेल्या वाद्यात दोन कंपनांचे प्रमाण १ : १.४ असे अपूर्णांकी ठेवले असता उपस्वर पूर्ण पटीत पडत नाहीत आणि ध्वनीस धातूचा गुण येतो. चौनिंग यांनी १९७३ च्या आपल्या शोधनिबंधात घंटेसाठी हेच प्रमाण दिले होते. अटॅक शून्य, डिके दोन सेकंद आणि सस्टेन शून्य ठेवून हा स्तर सप्तकभर वर नेतात. मंद्र कंप्रता त्यातून काढून टाकतात आणि दाबाच्या वेगाने त्याची पातळी बदलेल असे जोडतात.

दोन्ही एकत्र वाजविल्यावर पातळ्यांची जुळणी करावी लागते. दोन भिन्न ध्वनी सारख्या पातळीवर मिसळले असता एकूण पातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते. ही वाढ कानास सुधारणेसारखी भासते आणि निर्णय चुकतो. म्हणून समुच्चयाची पातळी एकेरी स्तराइतकी खाली आणूनच तुलना करणे योग्य ठरते. शेवटी प्रत्येक स्तर आळीपाळीने बंद करून पाहतात. जो स्तर बंद केल्याने काही उणे वाटत नाही, तो ठेवण्याचे कारण उरत नाही.

सामान्य दोष

एकच तरंग दोन्ही स्तरांत अगदी त्याच स्वरात वापरला, तर दोन तरंगांच्या कलेतील फरकानुसार ध्वनी कधी दुप्पट आयामाचा होतो तर कधी जवळजवळ नाहीसा होतो. लागोपाठ वाजविलेले सारखे स्वर मग निरनिराळे ऐकू येतात.

दोन वाद्ये मिडीने जोडली असता संदेशांना थोडा वेळ लागतो. मिडीची गती सेकंदाला ३१,२५० बिट असून एका स्वराच्या आरंभाचा पूर्ण संदेश जाण्यास सुमारे १ मिलिसेकंद लागते. एका स्वरासाठी हा काळ नगण्य आहे, परंतु दहा स्वरांचा संघात आणि अनेक वाहिन्या एकाच वायरीतून जाऊ लागल्या की तीक्ष्ण आरंभ विस्कळीत वाटू लागतो.

मींड घेण्यासाठीचे चाक दोन्ही स्तरांत वेगवेगळ्या मर्यादेवर ठेवलेले असेल तर स्वर ओढताच स्तर एकमेकांपासून फाकतात. प्रभावांची बाबही लक्षात घ्यावी लागते. एम-१ सारख्या वाद्यात संयोगाला स्वतःचे प्रभाव असतात, त्यामुळे एकेरी ऐकताना आवडलेला प्रोग्रॅम संयोगात आल्यावर आपली गुंज हरवून बसतो.

भारतीय संगीताच्या संदर्भात

सिंथेसायझरची मूळ जुळणी समान अर्धस्वरांची असते. तिच्यातील शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर, तर तानपुऱ्याच्या नादातून स्वयंभूपणे ऐकू येणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. हा गंधार खर्जाच्या तारेच्या पाचव्या उपस्वरातून उमटतो. तानपुऱ्याचा मुद्रित ध्वनी एका स्तरात आणि लांबणारा दुसरा ध्वनी वरच्या स्तरात ठेवला, तर या १४ सेंटच्या अंतरामुळे गंधारावर ठोके जाणवतात. पेटीच्या समान जुळणीबद्दल जो आक्षेप घेतला गेला, तोच येथे नव्या रूपात पुढे येतो. प्रत्येक स्वराची जुळणी सेंटमध्ये बदलण्याची सोय अनेक आधुनिक वाद्यांत असते. मात्र ती सर्व स्तरांना सारखी लागू होईल याची खात्री करावी लागते.

भारतात सिंथेसायझर लवकर पोहोचला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसविण्यात आला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात १९७० च्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी मिनीमूग वापरात आणला. चित्रपटांच्या वाद्यवृंदातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात रोलँडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन यंत्रे वापरली होती. एका यंत्राची सुरावट, दुसऱ्याची सरकती मंद्र धून आणि तिसऱ्याचा ताल असा हा तीन यंत्रांचा मेळ होता. त्या वेळी ती दुर्लक्षित राहिली. २०१० मध्ये पुनःप्रकाशित झाल्यावर जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अभ्यासकांचे तिच्याकडे लक्ष गेले.

परिणाम आणि वाद

स्तरणामुळे एक वादक समूहाचा आभास निर्माण करू शकतो. या सोयीची दुसरी बाजू प्रत्यक्ष समूहातील वादकांना भोगावी लागली. ब्रिटनमधील संगीतकारांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांच्या वापरावर बंदी घालावी असा ठराव केला होता.

मुंबईत हा बदल अधिक व्यापक होता. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोव्यातून आलेल्या व्हायोलिनवादकांचा आणि संयोजकांचा मोठा वाटा होता. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून स्वरलिपी शिकलेली ही मंडळी मुंबईत अनेक व्हायोलिनांचे ताफे उभे करीत. १९९० च्या दशकात सिंथेसायझर आणि सँपलर यांवर स्तरांनी बांधलेले तंतुवाद्यसमूह स्वीकारले जाऊ लागले. मुद्रणही एकेका वादकाचे वेगवेगळे होऊ लागले. मोठ्या वाद्यवृंदांची गरज ओसरली आणि त्यांवर उपजीविका असलेल्या वादकांचे काम झपाट्याने घटले. जो स्वरभेद ऑसिलेटरमध्ये ४-५ सेंट फिरवून मिळतो, तो पूर्वी एकाच दालनात बसलेल्या अनेक माणसांच्या हातांतून येत असे.

याउलट, लहान गावांतील ऑर्केस्ट्रा, नाट्यसंस्था आणि भजनी मंडळे यांना मोठा ताफा कधीच परवडणारा नव्हता. एका की-बोर्डवर बासरी, व्हायोलिनसमूह आणि घंटा मिळू लागल्याने त्यांच्या साथसंगतीला अनेक रंग लाभले. भारतीय बाजारपेठेसाठी तबला, तानपुरा, सतार असे ध्वनी असलेले की-बोर्डही उत्पादकांनी काढले.

सद्यःस्थिती

संगणकावरील आज्ञावलींनी ध्वनिनिर्मितीचे बरेचसे काम आपल्याकडे घेतले असले, तरी प्रत्यक्ष वाद्यांचे उत्पादन चालू आहे. हाताशी असलेली बटणे आणि मंचावरील भरवसा ही त्याची प्रमुख कारणे आहेत. २०१६ च्या यामाहा माँटाज या वाद्यात मुद्रित ध्वनींचे १२८ आणि कंप्रता-समायोजनाचे १२८ स्वर एकत्र वाजू शकतात आणि पट्ट्यांवरून एका वेळी आठ भाग वाजविता येतात. त्यामुळे स्वरसंख्येची जुनी अडचण बरीच कमी झाली आहे. कंप्रतेतील जागेची अडचण मात्र ऐकणाऱ्याच्या कानाशी निगडित असल्याने कायम आहे. म्हणून कोणता स्तर ठेवावा आणि कोणता वगळावा, हा निर्णय आजही वादकालाच करावा लागतो.